उजव्या छातीवरचं भोक

विजयदिनाच्या आदल्या दिवशी जनरल येवस्ताफी लुकिच यांचा समारंभाचा कोट आमच्या लष्करी शिवणखान्यात आला. कडेची शिवण सैल करायची होती. युद्ध संपून वीस वर्षं झालेली. पोटाला तेवढा हक्क आहेच.

माळावर मेंढरं राखणारा पोरगा शिपाई म्हणून भरती झाला तो जनरल झाला. सगळी चढण छातीवर दिसायची. पदकं मागून मळसूत्राने पिळून बसवायची, म्हणून प्रत्येकासाठी कापडात एक भोक. डबीत पदकं नऊ, भोकं दहा. मला वाटलं, कसर लागली. तासभर बसून असं रफू केलं की शेजारची फाईना म्हणाली, "बाई गं, दहावं पदक तुलाच द्या म्हणावं!"

दुपारी जनरल आले. आरशासमोर एकेक पदक पिळून बसवलं. मग उजव्या छातीवर बोट फिरलं, थांबलं, परत फिरलं.

"झिनाइदा पावलोव्हना, इथलं भोक?"

"बुजवलं, कॉम्रेड जनरल. कळतसुद्धा नाही ना?" मी शाबासकीची वाट बघत होते.

ते खुर्चीत बसले.

"त्रेचाळीस साली नीपर नदीत एक टेलिफोनवाली पोरगी कमरेला तार बांधून पोहत गेली. पलीकडून तिने शत्रू कुठे ते फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोफांना नेम मिळाला. पण तिला गोळी लागलेली. तिच्या पदकाचा कागद यायला महिना लागणार; तिच्याकडे तास होता. मी माझ्या छातीवरचा लाल तारा, माझं पदक, काढून तिच्या सदऱ्याला लावला. तिच्याबरोबर तसाच पुरला."

"पण त्यावर नंबर असतो ना?" फाईनाने विचारलं.

"असतो तर! चौकशी झाली. कर्नलचा जनरल व्हायला दोन वर्षं उशीर." ते हसले. "तेव्हापासून प्रत्येक कोटाला भोक पाडून घेतो. दरवर्षी तिची आई येते. बोलत नाही. तिथे बोट लावते आणि जाते. उद्या कुठे लावणार?"

किती जनरलांच्या खांद्यांवर मी तारे शिवले, पण बुजवलेलं भोक परत मोकळं करायची वेळ कधी आली नव्हती. त्या दिवशी तासाभराचं रफू एकेक टाका करून उसवलं. फाईनाने दिवा जवळ धरला, टोमणा न मारता.

दुसऱ्या दिवशी मी चौकात मुद्दाम पुढे उभी राहिले. संचलन संपलं. डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी आली. जनरलांनी तिला सलाम केला, मग वाकले.

तिच्या बोटाला भोक शोधावं लागलं नाही.