समोरचं लिस्बन

शामकांत फणसळकरांनी लुसियाला मारायचे दोन प्रयत्न केले आणि दोन्ही वेळा सुमित्राबाईंनी तिला वाचवलं.

पहिला प्रयत्न सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर झाला. "छत्तीस वर्षं झाली," शामकांत आमटीकडे बघत म्हणाले, "ती बाई आता असेल-नसेल."

"तुमच्या पत्रात चाळिशीची होती," सुमित्राबाई म्हणाल्या. "म्हणजे शहात्तर. तिकडच्या बायका नव्वदी आरामात गाठतात. मी वाचलंय."

आठवड्याने शामकांतांनी पुन्हा हात चालवला. दुकान विकून ती गावी लेकीकडे गेली असेल, असं सुचवून पाहिलं.

"मग गावी जाऊ. गाडी करू," सुमित्राबाई म्हणाल्या, आणि लुसियासाठी ठाण्याहून आणवलेला खणाचा ब्लाउजपीस त्यांनी बॅगेत अजून एक घडी घालून ठेवला.

शामकांतांची अडचण अशी होती, की लुसिया नावाची बाई लिस्बनमध्ये कधी नव्हतीच. आणि त्याहून मोठी अडचण अशी, की शामकांतही लिस्बनमध्ये कधी नव्हते.

तसे ते जवळपास पोचले होते. नोव्हेंबर एकोणनव्वदमध्ये त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी लिस्बनच्या नदीत शिरलं आणि पलीकडच्या, दक्षिण काठावरच्या ड्रायडॉकमध्ये, म्हणजे कोरड्या गोदीत चढलं. शामकांत थर्ड इंजिनियर होते. तेवीस दिवस ते मेन इंजिनाच्या पोटात राहिले. संध्याकाळी हात पुसत डेकवर आले की समोर नदी, आणि नदीपलीकडे सात टेकड्यांवर पसरलेली ती युरोपातली पुराणी राजधानी. पलीकडे जायला फेरीबोट होती. दहा मिनिटांचा प्रवास. तेवीस दिवसांत त्यांना तेवढी दहा मिनिटं मिळाली नाहीत, म्हणजे जायची दहा मिळाली तर यायची दहा मिळाली नाहीत.

त्यांनी घरी पहिलं पत्र लिहिलं ते खरंखुरं लिहिलं होतं. चार नंबरचा लायनर बदलला, पाच नंबरच्या पिस्टनची रिंग अडकली, वगैरे. सुमित्राबाईंना तेव्हा सातवा महिना होता. त्यांचं उत्तर आलं: 'इंजिनाची खुशाली कळली. आता तुमची कळवा.'

तेव्हा शामकांत जहाजाच्या स्मोकरूममध्ये गेले. तिथे कुणीतरी टाकून दिलेली, प्रवाशांसाठीची एक माहितीपुस्तिका होती. तिच्यावरून त्यांनी नऊ पानी पत्र लिहिलं. किल्ला पाहिला. पिवळ्या ट्राममध्ये बसलो. आल्फामा नावाच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरच्या घरातली फोडणी आपल्या शर्टाला लागते. सगळं पुस्तिकेतलं होतं, फोडणी सोडून. पुस्तिकेत माणसं मात्र नव्हती, म्हणून एक बाई घातली. तिचं छोटंसं दुकान, दुकानात अंड्याच्या कस्टर्डचे गरम टार्ट, वर दालचिनी. ही लुसिया. ती रोज विचारते, बायको कशी आहे.

पत्र घरात इतकं वाचलं गेलं, की पुढल्या काही वर्षांत शामकांतांना आणखी दोनदा लिस्बनला जावं लागलं. तेही पत्रातच. त्या वेळी जहाजं खरोखर ब्राझील आणि विशाखापट्टणम इथे होती.

आता ते सदुसष्ट वर्षांचे होते, लाँग टर्म व्हिजिट पासवर मुलाकडे सिंगापुरात राहत होते, आणि मुलाने, मंदारने, आईच्या पासष्टीनिमित्त सगळ्यांना लिस्बनला न्यायचं ठरवलं होतं. मंदार जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी मॅनेजर. त्याच्या हाताखाली साधा व्हॉल्व्हसुद्धा तीन सह्यांशिवाय फिरत नाही. त्याने सहलीचं तासातासाचं कोष्टक केलं आणि त्यात एक सुधारणाही केली.

"बाबा, तो चालत शहर दाखवणारा गाइड मी कॅन्सल केला."

"का?"

"तुम्ही आहात ना."

"अरे, माझं सगळं जुनं झालं आता."

"शहरच दोन-अडीच हजार वर्षांचं आहे, बाबा. छत्तीस वर्षांनी काय होतंय त्याला?"

नात अवनी आयपॅडमधून डोकं वर काढून म्हणाली, "आजोबा, यू शुअर यू नो द वे ऑर नॉट?"

त्या घरात प्रश्न विचारायची अक्कल एकट्या अवनीला होती.

मग शामकांत अभ्यासाला लागले. दुपारी सुमित्राबाई झोपल्या की आयपॅड घ्यायचा आणि नकाशावर रस्त्याचे फोटो उघडून आल्फामात शिरायचं. बाणावर बोट ठेवलं की पुढे सरकायला हवं. ते सरकायचे ते भिंतीत. वळले की जिना. जिना चढले की तीच भिंत, पण वरून. तीन दिवसांत ते एका न्हाव्याच्या दुकानासमोर अकरा वेळा पोचले. दारातल्या माणसाचा चेहरा फोटोत पुसट केलेला होता, तरी तो आपल्याला ओळखू लागलाय असं शामकांतांना वाटायला लागलं. किल्ल्याकडे जाणारी ट्राम त्यांना तीनदा सापडली, तिन्ही वेळा उलट दिशेला तोंड करून. व्हिडिओ लावावा तर त्यात एक दाढीवाला तरुण वीस मिनिटं कॅमेऱ्यात स्वतःलाच दाखवत होता. शहर त्याच्या कानामागून अधूनमधून दिसायचं. एकदा लायब्ररीतून जाडजूड पुस्तक आणलं. त्यातला नकाशा कुणीतरी फाडून नेला होता. सिंगापुरात असं होत नाही, असं मंदार म्हणायचा. शामकांतांच्या बाबतीत झालं.

आणि संध्याकाळी चहाबरोबर तोंडी परीक्षा.

"अहो, लुसियाचं दुकान चर्चच्या डावीकडे ना?"

"डावीकडे. म्हणजे, आपण कुठून येतो त्यावर आहे."

"तुम्ही ट्रामने यायचात."

"मग डावीकडे."

"नव्वदच्या पत्रात उजवीकडे लिहिलंयत."

पत्रं सुमित्राबाईंनी सिंगापूरला आणली होती, हे शामकांतांना त्या दिवशी कळलं. चहा अर्धा टाकून ते खाली उतरले आणि इमारतीच्या तळमजल्यावरच्या दगडी बाकावर, बुद्धिबळ खेळणाऱ्या दोन चिनी म्हाताऱ्यांचा डाव तासभर बघत बसले. त्या दोघांपैकी कुणीही त्यांना काही विचारलं नाही. सिंगापुरातली ती त्यांची सर्वांत चांगली संध्याकाळ होती.

व्हिसाची अपॉइंटमेंट मंगळवारी होती. मंदार, सून ईशा आणि अवनी आधीच जाऊन आले होते. मंदारने आईवडिलांची फाइल करून दिली. तिच्यात बँकेचे कागद, हॉटेलची बुकिंगं, विमा, आणि सगळ्यांत वर सहलीचा उद्देश सांगणारं दोन पानी पत्र. ते शामकांतांनी वाचलं नव्हतं. मंदार कागद करतो तेव्हा इतरांनी फक्त सही करायची असते.

काउंटरवरच्या मुलीने मात्र वाचलं. चष्मा वर करून ती म्हणाली, "अंकल, यात लिहिलंय तुम्ही लिस्बनला अनेकदा गेलात, शहर तुम्हाला पाठ आहे, कुटुंबाचे गाइड तुम्हीच. जुने व्हिसा आहेत?"

शामकांतांनी मंदारचं पत्र हातात घेतलं. दुसऱ्या परिच्छेदात तसं ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

"व्हिसा नाहीत," ते म्हणाले.

सुमित्राबाई मदतीला आल्या. "मर्चंट नेव्हीत होते हे. जहाजावर."

"ओ, सीमन," मुलगी म्हणाली. "मग शोअर पासवर, खलाशांच्या परवान्यावर उतरला असाल. ओके, कॅन. तसं लिहून द्या, खाली सही करा."

सुटकेचं दार तिने स्वतः उघडून धरलं होतं. शामकांतांना नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. त्यांनी पेन उचललं. सहीच्या जागेवर छापलं होतं, की वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.

आता गोष्ट अशी, की पस्तीस वर्षांच्या नोकरीत शामकांत फणसळकरांनी इंजिनाच्या लॉगबुकात एकही खोटी नोंद केली नव्हती. एका चीफ इंजिनियरने तेलाचं तापमान चार अंशांनी कमी लिहायला सांगितलं, तर त्यांनी नकार देऊन बढती घालवली होती. खोटं लिहायचं ते घरच्या पत्रात. सहीच्या कागदावर नाही.

पेन टेबलावर ठेवून ते म्हणाले, "मी लिस्बनमध्ये कधी गेलेलो नाही."

"नेव्हर?"

"नेव्हर. समोरून पाहिलंय."

मुलीने सुमित्राबाईंकडे पाहिलं, मग झटकन कॉम्प्युटरकडे. तिने तो परिच्छेद आडव्या रेघेने खोडला, शेजारी शामकांतांची सही घेतली आणि बोटांचे ठसे घ्यायला लागली. शामकांतांच्या बोटांचे ठसे मशीनला वाचता येईनात. चारदा घ्यावे लागले. चारही वेळा सुमित्राबाई शेजारी उभ्या होत्या.

परतीला एमआरटीची मेट्रो घेतली. टॅम्पिनीसला उतरल्यावर घराच्या वाटेला न लागता त्या मॉलमध्ये शिरल्या. तळघरातल्या बेकरीत काचेमागे पोर्तुगीज एग टार्टची रांग होती. या दुकानासमोरून गेली तीन वर्षं शामकांत मान वळवून जात असत. सुमित्राबाईंनी एक टार्ट घेतला, टेबलावर ठेवला आणि समोर बसल्या.

"लुसिया?"

"नव्हती."

"ट्राम? किल्ला?"

"पुस्तिकेतलं."

सुमित्राबाईंनी मान हलवली. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "त्या गोल अ‍ॅल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये मी हे टार्ट किती वेळा केले, आठवतंय? तुम्ही सुट्टीवर आलात की दर वेळी. पाककृती नाही, फोटो नाही, तुमच्या पत्रावरून. शेजारच्या नंदाताई अंड्याच्या वासाने दार लावून घ्यायच्या. आणि तुम्ही दर वेळी एक घास खाऊन काय म्हणायचात?"

शामकांतांनी टार्ट थोडा बाजूला सरकवला.

"म्हणा ना."

"चांगलं झालंय, पण लुसियाची सर नाही."

"खोटं लिहिलंत ते समजू शकते मी. मीच मागितलं होतं. पण जो पदार्थ तुम्ही जन्मात खाल्ला नव्हता, त्यावरून मला वीस वर्षं नापास केलंत."

 खरं सांगायचं तर, त्या चवीवर त्यांचाही विश्वास बसत गेला होता.

"खा आता," सुमित्राबाई म्हणाल्या, "आणि काय ते खरं सांगा."

शामकांतांनी आयुष्यातला पहिला लिस्बनचा टार्ट टॅम्पिनीसच्या तळघरात खाल्ला. पापुद्रे शर्टावर पडले. सुमित्राबाई रोखून बघत होत्या. इथे एक लहानसं, सोयीचं खोटं बोलायला कुठल्याही नवऱ्याची हरकत नसती. पण सकाळी सही करून ते जरा बिघडले होते.

"हा तुझ्यापेक्षा चांगला आहे," ते म्हणाले.

सुमित्राबाईंनी उरलेला अर्धा उचलून तोंडात टाकला. "चांगलाच आहे. सिंगापूरला आलो त्याच आठवड्यात मी खाल्ला होता. त्या दिवशी रडले होते मी, लुसिया जिंकली म्हणून." त्यांनी बोटं पुसली. "पहिल्या दिवशी त्या पलीकडच्या काठावर जायचं."

"तिथे काही नाही गं. गोदी बंद पडली म्हणतात. कुंपण असेल."

"तेवीस दिवस तुम्ही जे बघत होतात ते मला बघायचंय. दुसऱ्या दिवसापासून गाइड मी. पत्रं पाठ आहेत माझी. मंदारला यातलं काही सांगायचं नाही, आणि तो ब्लाउजपीस मी मलाच शिवणार आहे."

म्हणजे माफी मिळाली की नाही, ते शामकांतांना कळलं नाही. विचारायची सोय नव्हती.

संध्याकाळी त्यांनी आयपॅड उघडला आणि या वेळी नदीच्या दक्षिण काठावर बोट ठेवलं. बाण सरळ पुढे सरकला. फेरीचा धक्का, गोदीची भिंत, गंजलेली क्रेन. भिंत आडवी आली नाही, न्हावी भेटला नाही. धक्क्याच्या टोकाशी त्यांनी फोटो गर्रकन फिरवला आणि पाण्यापलीकडे अख्खं शहर उभं राहिलं.

"तो किल्ला," ते म्हणाले. "तो पांढरा घुमट. आणि या खाली तिसऱ्या ओळीतल्या खिडक्या. दुपारी चारला सगळ्या एकदम पेटायच्या, उन्हाने."

सुमित्राबाई खुर्चीमागे येऊन उभ्या होत्या, पत्रांचा गठ्ठा हातात. त्यांनी चष्मा लावून एक पान काढलं.

"पत्रात पाच लिहिलंय."

"पत्रात चुकलंय. चार."

"नक्की?"

"नक्की," शामकांत म्हणाले. "ते मी पाहिलंय."