परस्पर दिलेलं मत

बाविसाव्यांदा सिस्टर गादीवर पडल्या, तरी नणंदबाईंच्या मांडीवरचा फोन काही वाजला नाही.

"नाही," खुर्चीतल्या नणंदबाई म्हणाल्या आणि त्यांनी वहीत फुली मारली. "वहिनी, पुरे कर आता. तुझं हाड मोडलं तर तुला उचलणार कोण? मी ही अशी काठीवरची."

"आठच राहिल्यात, वन्सं. तीस म्हणजे तीस."

सिस्टरांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण सबंध इमारत त्यांना अजून सिस्टरच म्हणायची. छत्तीस वर्षं त्यांनी म्हाताऱ्या रुग्णांच्या वॉर्डात काढली होती. माणूस पलंगावरून कसा पडतो, संडासात कसा पडतो, औषधाच्या गुंगीत चालताना कसा पडतो, हे त्यांना पाठ होतं. आता दोन गाद्या एकावर एक टाकून त्या तसंच पडून दाखवत होत्या. मनगटावर एक पट्टा होता. त्या पट्ट्याचं नाव 'हाक'. माणूस पडला की पट्टा ओळखतो आणि घरच्यांच्या फोनवर आपोआप हाक जाते, असं बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं.

हे खूळ भाच्याने, म्हणजे नणंदबाईंच्या मुलाने, घरात आणलं होतं. 'पहिली पायरी' नावाचं एक संकेतस्थळ होतं. सभासद तीस हजार. दर महिन्याला दहा नवीन कंपन्या तिथे आपली कल्पना मांडायच्या, सभासद मतं द्यायचे, आणि जिला सर्वांत जास्त मतं तिला भांडवल मिळायचं. "तिथे सगळे आमच्यासारखे लॅपटॉपवाले आहेत, मामी," भाचा म्हणाला होता. "तुझ्यासारखं रुग्ण कळणारं माणूस पाहिजे." त्यानेच मामीचं आणि आईचं खातं उघडून दिलं. नणंदबाईंनी ते पुन्हा उघडून पाहिलं नाही. सिस्टरांनी मात्र ते काम ड्यूटीसारखं अंगावर घेतलं. दहाच्या दहा अर्ज त्या चष्मा पुसून वाचायच्या, प्रश्न विचारायच्या, वस्तू वापरायला मागायच्या आणि मगच मत द्यायच्या.

'हाक'चा अर्ज वाचला तेव्हा त्यांचा जीव हरखला होता. तीन वर्षांपूर्वी नणंदबाई आपल्या घरी न्हाणीघरात पडल्या होत्या. घरात एकट्या. सकाळी आठ ते दुपारी बारा त्या ओल्या फरशीवर पडून होत्या. मुलाचा फोन मीटिंगमध्ये बंद होता. खुबा मोडला, काठी आली, आणि बरं वाटल्यावर त्या वहिनीकडेच राहायला आल्या. असा पट्टा तेव्हा असता तर! सिस्टरांनी त्याच दिवशी कंपनीकडे पट्टा मागवला.

तिसावं पडणं झालं. नणंदबाईंनी फुल्या मोजल्या. तीसपैकी फोन वाजला सात वेळा. वर सिस्टरांनी गादी झटकली तेव्हा मात्र त्याने दोनदा ठणाणा केला.

कारणही सिस्टरांच्या लक्षात आलं. पट्टा फक्त धाडकन पडणं ओळखत होता. म्हातारी माणसं बहुतेकदा धाडकन पडतच नाहीत. ती भिंतीला धरून घसरतात, गुडघ्यातून ढिली होतात, पलंगाची कड सुटून हळूच खाली बसतात आणि मग त्यांना उठता येत नाही. ज्याने हे यंत्र केलं त्याने कुणा तरण्याबांड पोराला गादीवर उड्या मारायला लावून तपासलं असणार.

सिस्टरांनी हे सगळं संकेतस्थळावर लिहिलं. साधं, वॉर्डाच्या नोंदीसारखं: कशी पडले, किती वेळा पडले, कधी वाजलं, कधी नाही. शेवटी लिहिलं, 'कल्पना चांगली आहे. यंत्र अजून तयार नाही. या भरवशावर कुणाला एकटं ठेवू नये.'

तासाभरात उत्तरं आली. 'किती ही नकारात्मकता!' 'नवीन पोरं काही करू पाहतात, तर पाय ओढायला हे पुढे.' 'ताई, तुम्ही स्वतः काय बनवलंय?' कंपनीच्या मालकाचंही उत्तर आलं. फोटोत बत्तीसच्या बत्तीस दात दिसतील असा तो हसरा मुलगा. 'आपण मला आईसारख्या. आपले आशीर्वाद हेच आमचं बळ!' त्याखाली जोडलेले हात, आणि त्या हातांना चारशे लोकांची पसंती.

"आशीर्वाद?" सिस्टर पडद्याकडे बघत म्हणाल्या. "मी याला तेवीस वेळा नापास केला आणि हा मेला पाया पडतोय! अरे, तेवीसचं काय, ते सांग ना!"

तेवीसबद्दल कुणीच विचारलं नाही. दुपारपर्यंत सिस्टरांची नोंदच दिसेनाशी झाली. तिच्या जागी एक ओळ होती: 'आपल्या समूहाच्या सौजन्यपूर्ण भाषेच्या नियमामुळे हा मजकूर लपवला आहे.' सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात त्यांनी डॉक्टरांनाही तोंडावर 'हे औषध चुकलंय' सांगितलं होतं. कुणी त्यांना असभ्य म्हटलं नव्हतं.

"जाऊ दे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तोंड बंद केलं, मत तर माझ्या हातात आहे!"

त्या महिन्यात दोन बहिणींची एक लहानशी कंपनी होती. औषधांच्या डब्यांवर लावायच्या मोठ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या त्या बनवत. सिस्टरांनी त्या वापरून पाहिल्या होत्या, नणंदबाईंनाही चष्म्याशिवाय वाचता आल्या होत्या. सिस्टरांनी त्यांच्या नावापुढचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: 'आपण या महिन्याचं मत दिलं आहे. आपली पसंती: हाक. धन्यवाद!'

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग नणंदबाईंचं खातं उघडलं. तिथेही 'हाक'.

रविवारी सकाळी भाचा आला. चप्पल काढायच्या आतच सिस्टरांनी फोन त्याच्यासमोर धरला.

"हे मत कुणी दिलं?"

भाच्याने आधी आईकडे पाहिलं, मग मामीकडे. "अगं, मी दिलं. तुम्ही विसराल म्हणून. पासवर्ड माझ्याकडे होताच ना."

"विसरेन? मी तीस वेळा जमिनीवर पडले रे त्या पट्ट्यासाठी!"

"मामी, शांत हो. तिथे असंच चालतं." तो खुर्चीत बसला आणि हिशेब समजावणाऱ्या मास्तरासारखा बोलू लागला. "पुढच्या महिन्यात माझी कंपनी येतेय. आमचा साठ जणांचा एक गट आहे. या महिन्यात सगळ्यांनी 'हाक'ला द्यायचं, पुढच्या महिन्यात त्यांची माणसं मला देणार. प्रत्येकाने घरची चार-पाच खाती आणायची. यात कुणाचं काय बिघडतं?"

"तू तो पट्टा बघितलास तरी का?"

"मी कशाला बघू? वस्तू कुणीच बघत नाही, मामी. माणसं ओळखीची असली की झालं."

 या वेळी बोलल्या त्या नणंदबाई. इतका वेळ त्या काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून ऐकत होत्या.

"माझंही मत दिलंस?"

"आई, ते नुसतं..."

"चार तास पडले होते मी. नळ ठिबकत होता, तेवढाच आवाज. तू येशील म्हणून दाराकडे बघत होते." त्यांचा आवाज चढला नाही. "उद्या दुसऱ्या कुणाची आई पडेल. पट्टा आहे म्हणून तिचा मुलगा निर्धास्त राहील. आणि तो पट्टा चांगला म्हणून सही कुणाची? माझी."

भाचा खुर्चीतून उठला. चहा न घेताच गेला.

दिलेलं मत परत घेता येत नाही, असं संकेतस्थळाने कळवलं. तेव्हा सोमवारी सिस्टरांनी पट्टा मनगटाला बांधला, दोन बसा बदलल्या आणि 'हाक'च्या कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या. काचेच्या भिंतींची एक मोठी खोली, लांब टेबलं, कानात इयरफोनची बोंडं घातलेली दहा-बारा मुलंमुली, फळ्यावर रंगीत चिठ्ठ्या. हसरा मालक दोन्ही हात पसरून पुढे आला.

"अहो, तुम्ही स्वतः आलात! मोठ्या आहात तुम्ही."

"आशीर्वाद द्यायला नाही आले," सिस्टर म्हणाल्या. "या पट्ट्याची हाक आज तुमच्या फोनवर येईल असं करा. करून द्या, मला यातलं कळत नाही."

त्याने हसत हसत ते करून दिलं. सिस्टर भिंतीपाशी गेल्या, एक हात भिंतीला टेकवला, आणि गुडघ्यांतून सावकाश सुटत खाली गेल्या. डोकं एका बाजूला कललं. खोलीत कुणीतरी ओरडलं. चार जण खुर्च्या ढकलून धावले. एका मुलीने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. टेबलावरचा फोन मात्र ढिम्म होता.

सिस्टरांनी डोळे उघडले. "बघितलंत? तुम्ही सगळे आलात. तुमचं यंत्र नाही आलं. मी घरात एकटी असते तर?"

मालकाचं हसू क्षणभर निसटलं, पण त्याने ते लगेच सावरलं. "पुढच्या आवृत्तीत आम्ही हे..."

"मग मतंही पुढच्या आवृत्तीला मागा!"

"सिस्टर, जगात सगळं आधी विकलं जातं आणि मग सुधारतं."

"बरोबर आहे तुमचं. मरणारी माणसं तुमची नाहीत ना."

एवढं बोलून त्या उठल्या आणि दाराकडे निघाल्या. डोकं मांडीवर घेतलेली मुलगी तिथली प्रोग्राम लिहिणारी होती. ती सिस्टरांना जिन्यापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "मी त्यांना सांगितलं होतं. आमच्याकडे फक्त आमच्याच पडण्याची माहिती आहे. माझं ऐकलं नाही."

"ऐकलं नाही तर तू काय केलंस?"

मुलगी वरच्याच पायरीवर थांबली. सिस्टर पायऱ्या उतरल्या.

महिनाअखेर निकाल लागला. 'हाक' पहिली आली, दुसरीच्या दुप्पट मतांनी. चिठ्ठ्यांवाल्या बहिणी आठव्या. 'हाक'च्या जाहिरातीत एक ओळ होती: 'अनुभवी परिचारिकेची पसंती!' सिस्टरांनी कंपनीला नोंदणीकृत पत्र धाडलं: ओळ काढा, नाहीतर रोज येऊन तुमच्या गिऱ्हाइकांसमोर पडून दाखवीन. तीन दिवसांत ओळ गेली. पट्टा विकला जात राहिला.

नणंदबाईंनी मुलाशी बोलणं टाकलं होतं. दोन आठवडे त्याचे फोन वाजून वाजून बंद झाले. मग एका संध्याकाळी तो आला आणि दारातच म्हणाला, "माझी कंपनी काढून घेतली मी यादीतून. आणि सगळं लिहून टाकलंय तिथे. साठ जणांची यादी, कुणी कुणाला किती खाती दिली ते, सगळं. माझं नाव सगळ्यात वर."

"मग?" सिस्टरांनी विचारलं.

"मला काढून टाकलं." तो कसनुसा हसला. "मतं अदलाबदल केली म्हणून नाही. खाजगी संभाषण उघड केलं म्हणून! उरलेले एकोणसाठ आहेत तिथेच."

सिस्टरांचा हात कपाळावर गेला. नणंदबाईंनी मात्र काठीने समोरची खुर्ची पुढे सरकवली. "बस. जेवलायस का?"

प्रोग्राम लिहिणारी मुलगी पुढच्या महिन्यात नोकरी सोडून सिस्टरांच्या दारात उभी राहिली. आता ती दर शनिवारी स्वतः बनवत असलेल्या नव्या यंत्राची पेटी घेऊन येते. इमारतीतल्या पाच-सहा आज्या नि दोन आजोबा पाळीपाळीने गादीवर घसरतात, आणि सिस्टर त्यांना धरून शिकवतात. सगळ्यांना त्यात भारी मजा येते. यंत्र कधी पुरं होईल कुणास ठाऊक. मुलीने मध्येच एकदा विचारलं, "तयार झालं की टाकायचं का 'पहिली पायरी'वर?"

"टाक की!" सिस्टर फणकारल्या. "पण आधी मला त्या तीस हजारांतला एक तरी आणून दाखव, जो इथे येऊन पडायला तयार आहे."