पुसलेल्या आवाजाखालचा आवाज

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा कुणी पाहिलाही नसेल. चपटं काळं अंग, पुढे दातांसारखी बटणांची रांग, वर धरायला मूठ आणि छातीवर जाळी. एक बटण दाबलं की झाकण उघडतं आणि त्यात कॅसेट बसते. माझी कामं दोनच. ऐकवणं आणि ऐकून ठेवणं. पहिल्या कामाचं लोकांनी फार कौतुक केलं. दुसऱ्या कामाची किंमत उशिरा कळली. ती कशी कळली, तेच मित्रांनो, तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझ्या तारा जोडल्या, रबरी पट्टा चढवला आणि शेवटच्या बाईने माझ्यापुढे तोंड आणून विचारलं, "काय रे, बोलतोस का?" मी तेच तिला परत ऐकवलं. ती हसली आणि तिने मला खोक्यात घातलं. माझ्यामागोमाग आणखी एक जण तयार झाला, हुबेहूब माझ्यासारखा. आम्ही दोघे एकाच दुकानात गेलो आणि एकाच गिऱ्हाइकाने आम्हांला उचललं.

ते गिऱ्हाईक म्हणजे थोरली. ती एका सिनेमा थिएटरात तिकीट खिडकीवर बसायची. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि ती गाड्या बदलत जावं लागे इतक्या लांबच्या गावी निघाली होती. थोरलीने एक टेपरेकॉर्डर धाकटीच्या ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवला आणि दुसरा स्वतःपाशी. हा दुसरा म्हणजे मी.

दोघी बहिणी सिनेमावेड्या. पण खिडकी बंद केल्याशिवाय थोरलीला आत शिरता येत नसे, त्यामुळे सिनेमाची सुरुवात तिच्या नशिबी कधी नव्हतीच. धाकटी पहिल्यापासून आत बसलेली असायची. घरी आल्यावर ती ताईला सुरुवात सांगायची आणि मग शेवटावरून दोघींचं जुंपायचं. असा दोघींचा मिळून एक सिनेमा पुरा व्हायचा. धाकटी निघाली तेव्हा थोरली रडली नाही. एवढंच म्हणाली, "चिमणे, सुरुवाती पाठवत जा गं."

मग आमच्या कॅसेटांची ये-जा सुरू झाली. धाकटी तिकडे माझ्या जुळ्या भावापुढे बसून बोलायची, कॅसेट टपालात टाकायची. इकडे मी ती ऐकवायचो. थोरली ऐकायची, मान हलवायची, जाळीकडे बघून "हात्तिच्या!" म्हणायची. मग कॅसेट मागे फिरवून तिच्यातल्या त्याच पट्टीवर स्वतःचं उत्तर भरायची. म्हणजे एकीचं पुसायचं आणि त्यावर दुसरीने बोलायचं. दोघींना त्यात काही वावगं वाटलं नाही. पाटीवरचं गणित सुटलं की आपण पाटी पुसतोच ना? तसंच.

पुढे घरात फोन आला, मग मोबाईल आला. भाच्या-पुतण्यांनी थट्टा केली. "अहो मावशी, बटण दाबा आणि बोला की! हे काय कबुतरं उडवल्यासारखं?" थोरली म्हणायची, "फोनवर खुशाली होते रे. मत द्यायला बैठक लागते."

वर्षं गेली. थिएटर बंद पडलं. थोरली निवृत्त झाली. दुकानांतून कॅसेटा नाहीशा झाल्या. घरातल्या कॅसेटांना ओल लागून बुरशी धरली, त्या एकेक करून टाकाव्या लागल्या. शेवटी दोघींमध्ये एकच कॅसेट शाबूत उरली आणि तीच इकडून तिकडे फिरत राहिली. माझाही पट्टा सैल झाला. आवाज पुसणारं जे हेड माझ्या पोटात आहे, त्यावर मळ साचला. कुणी माझी साफसफाई केली नाही. मी फडताळावर कपड्याखाली बसून असायचो आणि कॅसेट आली की तेवढ्यापुरता खाली यायचो.

एके दिवशी धाकटीची कॅसेट आली. थोरलीने ती लावली. एवढ्यात शेजारीण दारात आली आणि दारातच तिची गोष्ट रंगली. इकडे मी बोलतोय, तिकडे शेजारीण बोलतेय. थोरलीने अर्धा कान माझ्याकडे ठेवला, अर्धा तिच्याकडे. शेजारीण गेली तेव्हा कॅसेट संपत आली होती. पुन्हा लावावी असं थोरलीच्या मनात आलं असेल, पण टपालाची वेळ होत होती आणि गाण्याच्या स्पर्धेवर बोलायला तिच्या जिभेला खाज सुटली होती. तिने पट्टी मागे फिरवली आणि लगोलग रेकॉर्डचं बटण दाबलं.

"काल त्या स्पर्धेत काय झालं सांगू? पोरगं गायलं एवढंसं आणि रडणं चाललं केवढं! आधी आई रडली, मग परीक्षक, मग तो निवेदक. अरे, गाऊ द्या की त्याला! आणि गळा कसा, तर इस्त्री मारल्यासारखा. यंत्रात घालून सगळ्या सुरकुत्या काढलेल्या. मला बाई गाताना दम लागलेला ऐकू आला पाहिजे. त्याशिवाय माणूस गातंय हे कळायचं कसं?"

ती कॅसेट टपालात पडलीच नाही. पाकीट चिकटवत असतानाच फोन आला. धाकटीची मुलगी, थोरलीची भाची, बोलत होती. धाकटी सकाळी उठलीच नव्हती.

तेरावं-चौदावं सगळं झालं. थोरली धाकटीच्या गावाहून परतली, ती थेट माझ्याकडे आली. पाकीट अजून टेबलावर तसंच होतं. ते तिने फाडलं आणि कॅसेट लावली. तिचाच आवाज सुरू झाला, स्पर्धा, परीक्षक, इस्त्री. ती ऐकत बसली आणि एकदम पुढे वाकली. तिच्या आवाजाखाली कुणीतरी बोलत होतं.

मित्रांनो, भिऊ नका. माझं हेड मळलेलं होतं, त्यामुळे धाकटीचा आवाज पुरता पुसला गेला नव्हता. शेजारच्या खोलीत कुणी बोलावं तसा तो येत होता. शब्द कळत नव्हते, चाल तेवढी कळत होती. थोरली दम घ्यायला थांबली की तो जरा वर यायचा, ती बोलू लागली की बुडायचा. दुपारची वेळ होती, ऊन भिंतीवर होतं, तरी थोरलीच्या हातावर काटा आला. मलाही माझ्या पोटातून दोन बायका बोलताहेत असं कधी वाटलं नव्हतं.

मग थोरलीचं बोलणं संपलं. धाकटीपेक्षा ती थोडं कमी बोलली होती. पुढची हातभर पट्टी पुसायची राहून गेली होती आणि तिथे धाकटीचा आवाज एकदम उघडा पडला, स्पष्ट, अगदी समोर.

"...शेवट तर मला मुळीच पटला नाही, ताई. इतकी वर्षं वाट पाहिली आणि तो दारात आला तर ही दार लावून घेते! का म्हणून? तू बघ आणि मला सांग हं."

पुढे खरखर.

"कुठला गं?" थोरली म्हणाली. "चिमणे, कुठला सिनेमा?"

तिला आठवेना. ऐकलं असतं तर आठवलं असतं.

तेव्हापासून तिने शोध सुरू केला. बहिणीने प्रश्न विचारला होता आणि उत्तर द्यायचं राहिलं होतं. जी बाई आजवर शेवटाची तज्ज्ञ म्हणून मिरवली, तिला शेवट कशाचा हेच ठाऊक नव्हतं. नवा सिनेमा लागला की ती जायची, पहिल्यापासून बसायची. घरी टीव्हीपुढे बसायची. आणि मग माझ्यापुढे येऊन, बटण न दाबता, नुसतं तोंडाने सांगायची.

"आज पाहिला तो नाही गं. त्यात दारच नाही, नुसते पूल आणि मोटारी. नायक चालतो तोही इतका हळू, की गुडघे दुखत असावेत बिचाऱ्याचे." दुसऱ्या दिवशी मालिका. "चहाचा पेला पडला तर तीनदा दाखवतात. आणि मेलेला माणूस महिन्याभराने परत येतो, नवं तोंड घेऊन! मजा आहे बाई त्यांची." असं म्हणून तिने माझ्या जाळीवरची धूळ पदराने पुसली. मग पुन्हा, "जुन्या गाण्याला नवा ढोल बांधून नाचवतात, ते मला आवडत नाही. पण एक नवी पोरगी आलीय, ती छान गाते. श्वास ऐकू येतो तिचा."

दर वेळी बोलून झालं की ती पट्टीचं ते टोक लावायची आणि मला धडकी भरायची. माझा पट्टा ढिला. धाकटीचा आवाज माझ्यातून जड होऊन, घसरत यायचा, जणू विहिरीतून. पट्टी कधी गुंडाळली जाईल याचा भरवसा नव्हता. थोरलीलाही ते कळत असावं. ती माझ्या झाकणावर हात ठेवून ऐकायची.

एकदा शेजारणीने विचारलं, "मावशी, पाहुण्या आल्यात का हो? दोघींचा आवाज येतो."

"बहीण आहे," थोरली म्हणाली.

मग भाची आली. आईच्या मागे पहिल्यांदाच ती राहायला आली होती. थोरलीने दोन दिवस धीर धरला आणि तिसऱ्या दिवशी तिला माझ्यापुढे बसवून कॅसेट लावली. आईचा आवाज ऐकून भाचीने तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरली. जरा सावरल्यावर थोरलीने विचारलं, "कुठला सिनेमा ते तुला ठाऊक आहे का?"

"मावशी, सिनेमा कुठला? ती मोबाईलवरची मालिका आहे. आईला मीच लावून दिली होती. इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या बाईची."

"मोबाईलवरची?" थोरली म्हणाली. "तळहातावर दिसतं त्याला कुणी सिनेमा म्हणतं?"

"म्हणून सापडली नाही तुला. सगळीकडे शोधलंस, तिथं सोडून."

दोघींनी ती मालिका पाहिली. थोरलीने चष्म्यावर भिंग धरून पाहिली आणि शेवटचा भाग परत परत लावायला सांगितला. त्या संध्याकाळी तिचा चेहरा तिकीट खिडकीवरच्या त्या मुलीसारखा दिसत होता, जी खिडकी बंद करून पळत आत जायची.

दुसऱ्या दिवशी भाची म्हणाली, "मावशी, हा आवाज मोबाईलमध्ये उतरवून घेऊ. हे यंत्र आता कधीही दगा देईल." मला वाईट वाटलं नाही. खरंच होतं ते. तिने मोबाईल माझ्या जाळीला टेकवला, खिडकी लावली, पंखा बंद केला आणि बजावलं, "हूं का चूं करायचं नाही."

"मी कशाला बोलतेय?" थोरली म्हणाली.

मी सुरू झालो. जपून, पट्टी अगदी हलकी धरून मी ती पुढे नेत होतो. धाकटी बोलली. शेवट पटला नाही म्हणाली. दार लावून घेते म्हणाली. का म्हणून, असं विचारलं.

"अगं वेडे, बरोबर केलं तिने!" थोरली कडाडली. "तो दारात आला तेव्हा आधी दुकानाकडे बघतो, मग तिच्याकडे! डोळे कुठं गेले त्याचे, पाहिलं नाहीस? ती पाहते. म्हणून लावलं दार!"

"...तू बघ आणि मला सांग हं," धाकटी त्याच वेळी म्हणत होती.

"मावशी!" भाची ओरडली. "बोललीस ना मधेच! आता परत घ्यायला हवं."

तिने पट्टी मागे फिरवली आणि बटण दाबलं. माझा पट्टा सुटला. चाक एकीकडे थांबलं, दुसरीकडे फिरत राहिलं आणि पट्टी आत ओढली गेली, चुरगळत, तुटत. झाकण उघडलं तेव्हा तपकिरी केसांचा गुंता हाती यावा तसं ते बाहेर आलं. भाची रडकुंडीला आली. थोरलीने तो गुंता ओंजळीत घेतला, सोडवायचा प्रयत्न केला आणि हळूच टेबलावर ठेवला.

मोबाईलमध्ये उतरलं होतं तेवढंच आता उरलं. भाचीने ते लावलं. प्रश्न होता, त्यावर उत्तर होतं, आणि शेवटी दोघी एकदम बोलत होत्या.

"काळजी करू नकोस," डोळे पुसत भाची म्हणाली. "आता सगळं करता येतं. तुझा आवाज काढून टाकते आणि आईचा तेवढा ठेवते."

थोरलीने मोबाईल हातात घेऊन पुन्हा ऐकलं. इतकी वर्षं एकीचं ऐकायचं तर दुसरीचं पुसावं लागायचं. दोघी एका पट्टीवर एकदाही धड भेटल्या नव्हत्या.

"काही काढू नकोस," ती म्हणाली. "पुसापुशी पुरे झाली."

मित्रांनो, मी आता बंद आहे. पट्टा नाही, पट्टी नाही, बटणं दाबली तरी नुसती खटखट वाजतात. तरी थोरलीने मला भंगारात दिलेलं नाही. माझ्यासारखं एखादं यंत्र तुमच्या घरी असेल तर त्याला ओल लागू देऊ नका, अधूनमधून मऊ फडक्याने त्याचं हेड पुसा. पण त्याहून एक मोठी गोष्ट मागतो. घरातलं कुणी तुम्हांला सांगत असेल, की काल अमुक पाहिलं आणि शेवट काही पटला नाही, तर हातातलं काम खाली ठेवा, दारातल्या माणसाला जरा थांबा म्हणा आणि विचारा, का नाही पटला? समोर माणूस बसलेलं असतं तोवर हे फार सोपं असतं.