आत्याने खाली आणलेली रेघ

ऊर्जा आणि पर्यावरणाच्या अर्थशास्त्रात एम.ए. करतेय म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे नक्की काय?" आता परीक्षेत ते एकदाचं ठणकावून सांगायची वेळ आली होती. संध्याकाळी वीज महाग केली, तर माणसं कपडे दुपारी धुतात का, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न. वीज कंपनीच्या मागे लागून तसा दर आमच्याच इमारतीला लावून घेतला, कारण मी आळशी. आणि आलेखावरची संध्याकाळच्या वापराची रेघ धाडकन खाली! आनंद गगनात मावेना. तोंडी परीक्षेच्या सकाळी मी स्वयंपाकघरात आत्याला धरून गिरक्या घेत होते.

"सोड गं, चक्कर येतेय," आत्या हसत म्हणाली. "होणारच होतं. मी काय उगाच सगळे मजले चढले?"

गिरकी थांबली. "का चढलीस?"

"एकेक दार वाजवलं. म्हटलं, आमच्या पोरीची परीक्षा आहे, संध्याकाळी मशीन लावलंत तर माझ्याशी गाठ आहे. वरच्या डॉक्टरीणबाई तर बिचाऱ्या दिवेसुद्धा लावत नाहीत."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे दराने काहीच केलं नव्हतं, केलं ते आत्याने! गप्प बसले असते तर पदवी खिशात होती. पण याच आकड्यांवर उद्या कुणी खरंच शहराचे दर ठरवले तर? राग, भीती आणि का कोण जाणे, हसू, सगळं एकदम आलं. "मी येते, समजावते तुझ्या परीक्षकांना," आत्या म्हणाली. तिला अडवणं कुणाच्या बापाला जमलंय?

खोलीत बाहेरून आलेल्या परीक्षकबाई, माझे सर आणि मागच्या खुर्चीत आत्या. मी सगळं सांगून टाकलं. सरांनी कपाळाला हात लावला. मला मात्र बोलता बोलता हसू फुटलं ते आवरेचना, कारण वीज खरोखर वाचली होती आणि तिचं कारण मागे मांडीवर पर्स घेऊन बसलं होतं.

परीक्षकबाईंनी चष्मा पुसला. "निष्कर्ष नव्याने लिहा. किमतीपेक्षा शेजारणीचा शब्द जड, असंच लिहा. एवढ्या अटीवर पास."

मी इतक्या जोरात उठले की खुर्ची उलटली.

"पण धोरण म्हणून एक अडचण आहे," बाई हसू दाबत म्हणाल्या. "शहरात इमारती हजारो, आणि तुमची आत्या एकच."

आत्या पर्स खांद्याला अडकवून उभी राहिली.

"सुरुवात कुठून करू, तेवढं सांगा."