झोळीवाल्याचं नाक

“वहिनी, हातातलं टाका आणि आधी चला! दादांना चौकात धरलंय लोकांनी!”

दारात कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला धापा टाकत उभा होता. तिच्या हातात रबरी कान होता, उद्याच्या शूटिंगच्या राक्षसाचा. तो तिने टेबलावर ठेवला, की जमिनीवर पडला, हे तिला पुढे कधीच आठवलं नाही.

“धरलंय म्हणजे? काय केलं त्यांनी?”

“शिवणवालीची छोटी सापडत नाहीये. सकाळी दादाच गेले होते ना तिथे मशीन बघायला? कुणीतरी म्हणालं, झोळीवाल्याने नेली. झालं! एकाने म्हटलं आणि दहा जणांनी पाहिलं.”

ती धावत सुटली. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात नवऱ्याची.

तिचा नवरा शिलाई मशीनं दुरुस्त करायचा. खांद्याला कापडी पिशवी अडकवून घरोघर फिरायचा. लहानपणी आईबापांबरोबर कुठूनसा दुरून आलेला. बोलताना शब्दांचे शेवट जरा ओढायचा, एवढीच काय ती खूण उरली होती. आणि नाक. लांब, मध्येच उंचवटा घेऊन खाली वळलेलं. बाकी माणूस अगदी सरळमार्गी. कुणाच्या अध्यात ना मध्यात. मशीन दुरुस्त झालं की चिंधीवर एक टीप मारून दाखवायचा आणि ती चिंधी त्या घरच्या पोरीला बाहुलीसाठी द्यायचा.

ते नाक साऱ्या मुलखाला ठाऊक करून दिलं ते तिनेच.

ती सिनेमावाल्यांसाठी चेहरे करायची. पऱ्यांचे कान, चेटकिणींच्या हनुवट्या, बुटक्यांची टकलं. सगळ्या कुटुंबाने मांडीला मांडी लावून बघायच्या सिनेमांत तिचा हात होता. आणि त्या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट ठरलेली. गाव गोड, घर गोड, आजोबा तर साखरेचेच. वाईट जे काही यायचं ते वेशीपलीकडून. तसं एकदा ती दिग्दर्शकाला म्हणालीही होती, “साहेब, या गावात एखादा तरी नालायक गावचाच दाखवा की.” तो हसला. “बाई, पोरांना घाबरायला परकं माणूस लागतं. असं करा, हा पोरं पळवणारा झोळीवाला कुठला ते कळता कामा नये, पण आपल्यातला नाही हे मात्र लांबूनच कळलं पाहिजे.”

तिला काम शिकवणाऱ्या बाईंचा एक दंडक होता: जिवंत माणसाचं नाक जसंच्या तसं कधी घ्यायचं नाही. साचा घे, पण वर माती चढव, मोड, वाकव, कुणाचंच राहू देऊ नकोस. झोळीवाल्याच्या वेळी मात्र त्याचा नट प्लास्टरखाली गुदमरायला लागला आणि उठून गेला. नाक सकाळी हवं होतं. नवरा म्हणाला, “माझं घे ना. फुकट पडून आहे.” त्याने चेहरा पुढे केला, तिने भुवयांना तेल चोपडून प्लास्टर ओतलं, आणि दोघं इतकी हसली की पहिला साचा तडकला. दुसऱ्यात नाक हुबेहूब उतरलं. ते मोडायला तिला वेळ नव्हता. खरं सांगायचं तर मनही झालं नाही. फार सुरेख उतरलं होतं.

सिनेमा तुफान चालला. दर सुट्टीत टीव्हीवर लागायला लागला. आया पोरांना सांगू लागल्या, जेव, नाहीतर झोळीवाला येईल. आणि दारात तिचा नवरा यायचा, खांद्याला पिशवी, तेच नाक.

सुरुवातीला त्यालाही गंमत वाटायची. “बसता का झोळीत?” म्हणून पोरांना डोळे मोठे करून दाखवायचा. पोरं किंचाळायची, आया हसायच्या. मग आया हसेनाशा झाल्या. “दादा, मशीन दाराबाहेरच आणून देते हं,” असं म्हणू लागल्या. तोही डोळे मोठे करायचा थांबला. पिशवी सोडून डबा घेऊन पाहिला. फरक पडला नाही. नाक काही डब्यात ठेवता येत नव्हतं.

चौकात किराणा दुकानाच्या शटरला त्याला दोरीने बांधलं होतं. शर्ट फाटलेला. नाकातून रक्त ओठावर, तिथून हनुवटीवर. पायाशी डबा उपडा केलेला. बॉबिन, सुया, पट्टे, तेलाची कुपी, सगळं धुळीत. मुलीच्या कपड्याची वाटणारी एक चिंधी त्यात सापडली होती आणि ती एक माणूस काठीवर धरून सगळ्यांना दाखवत होता.

“अहो, ती टीप मारून बघायची चिंधी आहे!” ती ओरडली. “सोडा त्यांना! वीस वर्षं तुमच्या घरात येतायत!”

“येतायत म्हणूनच. सगळ्या घरांची माहिती असणार.”

“हा मूळचा कुठला, विचारा आधी!”

“पोरगी कुठाय ते विचारा!”

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. “तू जा घरी,” तो पुटपुटला. तेही शेवट ओढून.

“बघा, बघा कसा बोलतो! अगदी तसाच!”

तेव्हा तिला वाटलं, आता खरं सांगितलं तरच हा वाचेल. ती त्याच्या पुढ्यात आडवी आली आणि जिवाच्या आकांताने म्हणाली, “अहो, ऐका! तो सिनेमातला झोळीवाला खोटा आहे! ते नाक मी केलंय, माझ्या या हातांनी! यांच्याच चेहऱ्यावरून केलंय, म्हणून तुम्हाला तसं वाटतंय!”

उगारलेल्या काठ्या हवेतच थांबल्या. तिला वाटलं, कळलं यांना.

मग मागून कुणीतरी म्हणालं, “म्हणजे तोच हा!”

“बायकोच सांगतेय!”

काठी तिच्या डोक्यावरून त्याच्या खांद्यावर बसली. तिने त्याला मिठी मारली. दुसरी तिच्या पाठीत बसली आणि ती खाली कोसळली. माणसांच्या पायांमधून तिला शिवणवाली दिसली, मुलीची आई, रडून रडून डोळे सुजलेली. ती तिच्याकडे सरपटत गेली आणि तिचे पाय धरले.

“ताई, तुम्ही सांगा यांना. तुम्ही ओळखता की. तुमचं मशीन, तुमचा धंदा, सगळं यांच्याच हातावर चालतंय. एकदा नुसतं म्हणा, हा नाही.”

शिवणवालीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“रोजचे आहेत हो ते,” ती म्हणाली. “पण आत्ता बघितलं ना, तर मला तोच दिसतो. मी काय करू?” आणि हात जोडून त्यालाच म्हणाली, “दादा, द्या ना माझी पोर.”

त्याने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढ्यात रिक्षा थांबली. मुलीचा सख्खा काका उतरला, कडेवर छोटी, तिच्या पायांत नवे लाल बूट. “काय झालं? गर्दी कसली?” त्याने तिला शाळेबाहेरून परस्पर बाजारात नेलं होतं. मुलीच्या आईला सांगायचं राहून गेलं होतं, इतकंच. घरचाच माणूस, त्याला कोण विचारणार?

गर्दी अशी पांगली की जणू सगळे बसची वाट बघत होते आणि बस आली. एकाने दोरी सोडली. “गैरसमज झाला, मनावर घेऊ नका.” दुसरा म्हणाला, “पण दिसता तुम्ही अगदी तसेच हो, आमचा तरी काय दोष!” ज्याच्या हातात काठी होती तो थोडा घुटमळला, मग मोबाइल काढून अजिजीने म्हणाला, “दादा, एक फोटो? आमच्या धाकट्याचा फार आवडता पिक्चर आहे.”

ती धुळीत बसून सुया वेचत राहिली.

त्यानंतर तो घराबाहेर पडला नाही. सूज उतरली, जखमा भरल्या, तरी खिडकीकडे पाठ करून बसायचा. बोलणंही थांबलं. एक-दोनदा भाजीवाली दारात आली तर आत जाऊन उभा राहिला, हालचाल न करता, जशी पोरं लपतात तसा. तिने समजावलं, चिडली, रडली. “बोला ना काहीतरी! मला शिव्या तरी द्या!” त्याने मान हलवली.

मग एका सकाळी ती कामाला बसली असताना तो आला आणि नटांच्या खुर्चीत बसला. आरशासमोर.

“मला एक नाक कर,” तो म्हणाला. शब्द तुटक होते. शेवट कापलेले.

“वेडे झालात का?”

“साऱ्या जगाला करतेस. घरच्यालाच नाही म्हणतेस?”

“कसलं करू?”

“कुणाचंच नको. चारचौघांचं. बघितल्यावर लक्षात न राहणारं.”

तिने गोंदाची बाटली पुढे ओढली. नाक कमी करता येत नाही, हे तिच्या धंद्यातलं पहिलं सत्य. आहे त्यावर भरच घालता येते. तिने उंचवट्याच्या वरखाली रबर भरून कणा सपाट केला. गाल फुगवले, म्हणजे नाक त्यांत बुडेल. डोळ्यांखाली थोडा मांसलपणा दिला. कडा गोंदाने चिकटवून इतक्या बारीक पुसल्या की बोट फिरवलं तरी लागू नयेत. आयुष्यात इतकं चोख काम तिने केलं नव्हतं. अशा कामातही आपला हात इतका चोख चालतो, याची तिला लाज वाटली.

त्याने आरशात पाहिलं. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. “बरं आहे,” म्हणाला, आणि डबा उचलून निघून गेला.

दिवसभर तिचं कशात लक्ष नव्हतं. ऊन वाढलं तसं तिला वाटत राहिलं, गोंद सुटेल, कडा उचलेल. दुपारी इस्त्रीवाला सांगून गेला, “वहिनी, शिवणवालीकडे कुणीतरी नवाच मशीनवाला आलाय. चहा दिला हो त्याला, आत बसवून. दादांना सांगू नका, वाईट वाटेल.”

संध्याकाळी ती एका नव्या राक्षसाचा कान रंगवत होती. दारावर टकटक झाली. तिने ब्रश तोंडात धरूनच दार अर्धं उघडलं. बाहेर एक अनोळखी, गुबगुबीत चेहऱ्याचा पुरुष उभा होता. तिचा हात आपोआप कडीकडे गेला.

“कोण पाहिजे?”

बोलून गेल्यावर तिने तोंडातला ब्रश काढला. पण आता उशीर झाला होता.

तो रागावला नाही, हसलाही नाही. एक पाऊल मागे सरला, डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि आत या म्हणेपर्यंत, बाहेरच्या माणसाने उभं राहावं तसा, खाली मान घालून उभा राहिला.