अर्ध्या मिनिटाची घंटी

मी घंटी बोलतेय. देवघरातली, पितळेची, मुठीत मावणारी. माझं काम देवाला जागं करायचं. पण गेलं वर्षभर मी दर शनिवारी सकाळी माणसांना गप्प करत होते, आणि खरं सांगते, देव परवडला. तो निदान घंटी वाजल्यावर नवीन वाक्य सुरू करत नाही.

धुळ्याकडच्या एका ओताऱ्याच्या भट्टीत मी जन्मले. माझ्या मालकिणीच्या, धुरपदाबाईच्या वडिलांनी मला लेकीच्या आंदणात दिलं. तिचे यजमान निंबा पाटील सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला लागले, तेव्हा कपड्यांच्या गाठोड्यातून मीही तिथल्या डिंडोलीत आले. पुढे निंबाभाऊ गेले. मुलगा वाल्मिक मोठा झाला, त्यानं लूमच्या सुट्या भागांचं दुकान काढलं. तोवर माझं बरं चाललं होतं.

मग वाल्मिकला ओळखी वाढवायचा नाद लागला. उधन्याला एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी छोटे-मोठे धंदेवाले जमतात. आधी चहा-खमण, मग एकेकानं उभं राहून अर्ध्या मिनिटात आपला धंदा सांगायचा. वेळ बघायचं काम वाल्मिककडे. त्यांची बटणाची घंटी बिघडली, तर हा पठ्ठ्या मला खिशात घालून निघाला.

"आई, एकच शनवार लई जास," म्हणाला. कसला एक!

अर्धं मिनिट काही थोडं नसतं हो. तेवढ्यात आरतीचं एक कडवं आरामात होतं. पण विमावाले सुरुवातच करतात, आयुष्य क्षणभंगुर आहे. पाणी शुद्ध करायची मशीन विकणारे एक गृहस्थ आजोबांपासून येतात. मी वाजते तेव्हा त्यांच्या वडिलांचा नुकताच जन्म झालेला असतो. मग सगळे माझ्याकडे डोळे वटारून बघतात. पाल्हाळ यांचं आणि शिव्या मला!

या सगळ्यात जीव तुटला तो गायत्रीसाठी. गायत्री म्हणजे वाल्मिकची बायको. घराच्या पुढच्या खोलीत तिनं पाच मशिनी मांडल्या आहेत. गल्लीतल्या बायका तिथं बसून साड्यांना लेस लावतात. पण ज्या दलालाकडून काम यायचं, त्यानं ते सचिन गावातल्या एका नव्या कारखान्याकडे वळवलं. मशिनी थंड पडल्या. व्यापाऱ्याकडून थेट काम मिळालं तर ठीक, नाहीतर श्रावणात आमच्या खानदेशी कानबाई देवीचा सण झाला की त्या विकायच्या, असं ठरलं होतं. धुरपदाबाई एरवी "दिनभर खडखड!" म्हणून कुरकुरायची. खडखड थांबली तशी तीही गप्प झाली.

शनिवारच्या बैठकीला किरणभाई नावाचे साड्यांचे मोठे व्यापारी येतात. म्हणून गायत्री पाहुणी म्हणून आली. पाहुण्याला तीनच शनिवार, असा तिथला नियम.

पहिल्या शनिवारी ती आपल्याकडच्या रीतीनं बोलली. "मी गायत्री वाल्मिक पाटील. सासर शिंदखेड्याकडचं, माहेर अमळनेर. मामा पारोळ्याला असतात..." मामांच्या गावाला पोचली आणि वाल्मिकनं मला वाजवलं. स्वतःच्या बायकोवर! लेस शब्द तिच्या ओठांवरच राहिला. ती कशी मटकन बसली, ते मी पाहिलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग वाल्मिकनं मोबाइलवर व्हिडिओ बघून तिला भाषण लिहून दिलं. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये आठवडाभर तिनं ते घोकलं. दुसऱ्या शनिवारी एका दमात म्हणाली, "मी टेक्स्टाइल व्हॅल्यू अॅडिशनमधून महिला सक्षमीकरणाचं सोल्युशन देते." माझी गरजच पडली नाही. मग किरणभाईंनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "पण बेन, तमे करो छो शुं?"

अहो, मला विचारा! ती लेस लावते! पण मला जीभ असून बोलता येत नाही. दुसऱ्यानं हलवलं तरच माझा आवाज.

तिसरा शनिवार कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी आला. गायत्री उभी राहिली, तिची नजर माझ्यावर. त्या भीतीनं पहिलाच शब्द फुटेना. वाल्मिकचा हात माझ्याकडे सरकायला लागला. तेवढ्यात दार ढकलून धुरपदाबाई आत आली, धापा टाकत.

"मनी घंटी कोठे शे? उद्या कानबाई, आनी तू आठे लई बसना?"

"आई, मीटिंग चालू शे," वाल्मिक कुजबुजला.

"ऱ्हाऊ दे चालू." मग तिला सून दिसली, रडवेली. समोर एवढी माणसं. म्हातारी किरणभाईंसमोर जाऊन उभी राहिली. सणासाठी सुनेनं तिच्या साडीला लेस लावली होती. पदराची ती लेस तिनं दोन्ही हातांनी धरली आणि हिसका देऊन ओढली. डोक्यावरचा पदर घसरला, लेस जागची हलली नाही.

"हाई मनी सून. साडीले लेस लावस. देखा, निंघाव नही. घरमा पाच मशीन बंद पडेल शेतस. काम व्हई ते द्या."

वाल्मिकनं सवयीनं मला उचललं होतं. तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं.

"वाजाड आते. मनं व्हई गय."

त्याला काही वाजवता येईना. अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

किरणभाई आधी मोठ्यानं हसले. मग त्यांनी वाकून लेसचे टाके नीट बघितले. "मा, सोमवारे तमारी वहुने दुकाने मोकलजो." सुनेला दुकानात पाठवा म्हणाले!

"सोमवारे कानबाईनी बोळवण शे. मंगळवारे यी ती."

गायत्रीचा चेहरा पांढराफटक पडला. पण किरणभाई म्हणाले, "मंगळवार चालशे."

म्हातारीनं मला मुलाच्या हातातून काढून घेतलं आणि जिना उतरली. आता तिकडे स्टीलच्या ग्लासावर चमचा आपटतात म्हणे. आपटू देत. माझी एवढीच विनवणी आहे, बाबांनो: काम आधी सांगा, मामांचं गाव नंतर. आणि मला पुन्हा त्या कामाला नेऊ नका.

चिंचेनं घासून मी लख्ख झाले. रविवारी कानबाईपुढे गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या. आरतीला सासूनं मला सुनेपुढे धरलं. गायत्रीनं हात पुढे केला आणि तशीच थांबली.

"आई, वाजाडू?"

"वाजाड बेटा," धुरपदाबाई म्हणाली. "आते तुले कोन थांबाडी?"