समुद्रपूरहून आलेली पाहणी

साल होतं १९९८, आणि घरोघरी कापूस येऊन पडायचे दिवस होते. नाचणगावच्या देवकाबाईंच्या रुचिकासाठी समुद्रपूरचं स्थळ आलं होतं. मुलगा निशांत, घरचं कापडाचं दुकान. मुलगी पसंत पडली होती, आता नुसता होकार यायचा होता.

होकाराआधी काय होतं, ते देवकाबाईंना पुरतं ठाऊक होतं. मुलाकडचं कुणीतरी अनोळखी होऊन येतं, काहीतरी निमित्त काढतं आणि घराचं पाणी जोखून जातं. थोरल्या लेकासाठी, निकेशसाठी प्रेरणा पाहिली, तेव्हा त्यांनीच आपल्या बहिणीला गाय विकत घेण्याच्या निमित्तानं प्रेरणाच्या माहेरी धाडलं होतं. गाय घ्यायचीच नव्हती.

म्हणून एका सकाळी खांद्याला झोळी लावून एक मुलगी ओसरीवर येऊन म्हणाली, "मी वल्लरी. वर्ध्याच्या कॉलेजात मानव विकास शिकते. कुटुंबातल्या नात्यांचा अभ्यास करतेय," तेव्हा देवकाबाई मनाशी म्हणाल्या, आली!

"नात्याचा कायचा अभ्यास वं?"

"घरात निर्णय कोण घेतं, कुणाचं कुणाशी पटतं, लेकरू रडलं की कुणाकडे धावतं, असं सगळं."

"हे शिकाले कॉलेज लागते?"

घरच्या दुकानातून देवकाबाईंचे यजमान मधुकरराव ओरडले, "अवो, पोरगी शिकून राह्यली, सांग ना दोन गोष्टी!"

"तुम्ही तुमचा तराजू पाहा," देवकाबाई म्हणाल्या आणि मुलीकडे वळल्या. "तू मूळची कोठची, माय?"

"वर्ध्याचीच. आजोळ तेवढं समुद्रपूरकडे."

समुद्रपूर! आता कसला संशय! मुलीनं पुढं असंही विचारलं की, उद्या जेवणाच्या वेळी येऊ का? सगळे एकत्र कसे बसतात ते पाहायचं आहे.

एकत्र! तिथंच तर सारी गोम होती. दिवाळीच्या फराळावरून सासू-सुनेचं वाजलं, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. तेव्हापासून प्रेरणानं परसातल्या खोलीत चूल मांडली होती. दोघींत बोलणं बंद होतं. ज्या घरात सासू-सून एकमेकींचं तोंड पाहत नाहीत, तिथली मुलगी आपल्या घरात काय नांदेल, असंच समुद्रपूरवाले म्हणणार.

संध्याकाळी देवकाबाई परसातल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"रुचिकाच्या सासरची बाई येऊन राह्यली उद्या. कॉलेजचं सोंग घेऊन. एका दिवसापुरती घरात रांधायले येजो."

प्रेरणानं तव्यावरची भाकर उलटली. "ते सोंग घेऊन येऊन राह्यली, म्हणून आपणही सोंग घ्याचं काय?"

"माझ्यासाठी नको येऊ."

"तुमच्यासाठी नाईच येत. रुचिकासाठी येईन."

दुसऱ्या दिवशी वल्लरी चुलीजवळ पाटावर बसली. देवकाबाई सुनेला 'बेटा, बेटा' करत होत्या आणि प्रेरणा ओठ दाबून वरण ढवळत होती. सगळं नीट चाललं होतं, तेवढ्यात प्रेरणाला हळद हवी झाली. तिनं एक डबा उघडला, त्यात साखर. दुसरा उघडला, त्यात मेथ्या. देवकाबाईंनी पाहिलं, मुलगी टक लावून बघत होती.

"कालच डबे घासले, जागा बदलल्या," देवकाबाई घाईघाईनं म्हणाल्या.

"आणि ती मागची खोली?"

"तिथं सरपण असते."

एवढ्यात पुढच्या दारी एक धोतरवाला म्हातारा येऊन उभा राहिला. जनावरासाठी सरकीची ढेप आहे का, विचारू लागला. पाहुणीसमोर हा आणखी काय बरळेल, या धास्तीनं देवकाबाईंनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. "ढेप नाई आमच्याकडे. जा बाप्पा, मागून येजो!" प्रेरणा सरपण आणायला परसात गेली, ती बराच वेळ आली नाही. हेही देवकाबाईंच्या मनात सलत राहिलं.

आठवड्याभरात होकार आला. देवकाबाईंनी मनातल्या मनात वल्लरीला चोळी-बांगडी केली. साक्षगंधाला सारे समुद्रपूरला गेले, तर बैठकीत मानाच्या जागी, निशांतचा मामा म्हणून, बसला होता तोच ढेपवाला म्हातारा. तानबाजी त्याचं नाव. वल्लरीला तिथं कुणी ओळखतही नव्हतं.

"तुम्ही तर मले हाकललं, ईनबाई," तानबाजी हसत म्हणाले. "मंग मी परसातून गेलतो. सुनेनं पाणी देल्लं. विचारलं, सासू कशी हाय? म्हणे, आमचं पटत नाई, चूल वेगळी हाय."

देवकाबाईंनी चहाचा कप खाली ठेवून सुनेकडे पाहिलं. स्थळ मोडायलाच सांगितलं हिनं!

"मंग म्हणे, पण मी तापानं पडली तवा नणंद रोज मागच्या खिडकीतून डबा देत होती. आईले चोरून. आता सांगा, दोन चुलीच्या मधात असं वागणारी पोरगी कोठं भेटते?"

परतीच्या एस.टी.त देवकाबाई मुद्दाम सुनेशेजारी बसल्या. पुलगाव येईपर्यंत त्यांना राहवलं नाही.

"मोडावं म्हणूनच सांगतलं होतं ना तू?"

प्रेरणा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मोडलं काय?"

देवकाबाईंनी मांडीवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाल्या, "हळद डावीकडच्या पितळी डब्यात असते."

रुचिका समुद्रपूरला सुखानं नांदली. सासरच्या कापडाच्या दुकानाच्या गल्ल्यावर आता तीच बसते. तानबाजी गेले, पण जाईपर्यंत दर संक्रांतीला नाचणगावी यायचे आणि परसातल्या दारीच पाणी मागायचे. मधुकरराव दुकानात बसल्या बसल्याच गेले. चुली मात्र दोनच राहिल्या. देवकाबाईंनी अंथरूण धरलं, तेव्हा प्रेरणा आपल्या चुलीवरचं वरण घेऊन घरात यायची आणि दुधात हळद घालायला पितळी डबा न चुकता उघडायची. निकेश म्हणायचा, बोलतात की भांडतात, मले अजून समजलं नाई.

वल्लरी पुढं प्राध्यापक झाली. तिचा तेव्हाचा प्रबंध पहिल्या श्रेणीत पास झाला होता. त्यात नाचणगावचं एक कुटुंब आहे. एकत्र, एका चुलीवर जेवणारं, सासू-सुनेत विशेष जिव्हाळा असलेलं. देवकाबाईंनी तो कधी पाहिला नाही. वल्लरीचं नाव निघालं की शेवटपर्यंत म्हणायच्या, "ते पोरगी खरंच कॉलेजचीच होती काय, देव जाणे."